बिनपाटीची बरणी

मंगळवार, ३ सप्टेंबर

आधी तारीख घाल. घातलीस? बरं. मागच्या खेपेला नातीला पत्र लिहिलंस त्यावर ना तारीख होती ना पाकिटावर पत्ता, आणि ते पत्र आठ दिवस तुझ्याच शिलाई मशीनच्या खणात पडून होतं. या वहीत लिहिणार तू आणि मला वाचून दाखवणारही तूच. म्हणजे हिला वाचक जगात एक, आणि त्या वाचकाला कपाळावर ढकललेला चष्मा घरभर शोधायची सवय. तेव्हा मी सगळं खुलासेवार सांगते. चार दिवसांनी वाचताना 'ही कोण बाई' म्हणून मलाच विचारशील.

तर ही बाई म्हणजे तुझ्या शिवणाच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर राहणारी म्हातारी. वय चौऱ्याहत्तर. मुलं चघळतात त्या रंगीत गोळ्यांच्या कारखान्यात चाळीस वर्षं साखरेच्या पाकावर होते. अक्षर एक येत नाही. वही नातीने दिली. ती दूर शिकते. म्हणाली, "आजी, तू बोलतेस ते वाऱ्यावर जातं, शिंपीणबाईंकडून लिहून घे." म्हणून तू दर मंगळवारी आणि शुक्रवारी यायचंस, लिहायचंस, आणि दोन चमचे साखरेचा चहा पिऊन जायचंस. या घरात उघडपणे साखर मिळणारी आता तू एकटीच.

कारण आमच्या रंगाऱ्याला शुगर निघाली आहे. रंगारी म्हणजे माझा मुलगा, पाट्या रंगवतो. गावातल्या निम्म्या दुकानांची नावं त्याच्या हातची. सगळं गाव त्याची अक्षरं वाचतं, एक त्याची आई सोडून. दहा वर्षांचा होता तेव्हा खडू घेऊन मागे लागला होता, "आई, तुला शिकवतो." मी म्हटलं, कढई उतरू दे, मग. कढई काही उतरली नाही.

शुक्रवार, ६ सप्टेंबर

डॉक्टरीणबाईंनी त्याला सकाळची एक गोळी दिली आहे, आणि लो-कार्ब म्हणून काही सांगितलंय. पाव बंद, भात बंद, बटाटा बंद, साखरेचं तर नावच नको. सूनबाई वजनकाटा घेऊन आली आहे आणि त्यावर चीज मोजते, सोनं मोजावं तसं. तिचंही बरोबर आहे. हॉटेलच्या धुलाईखान्यात पहाटेच्या पाळीला जाते, घरी नसते, तेव्हा काळजी काट्यावर ठेवून जाते.

साखरेच्या जागी तीन वस्तू आणल्यात. रंगाऱ्याने तीन बरण्यांवर तीन रंगांत नावं रंगवून दिली, म्हणजे मला रंगावरून कळावं. "आई," म्हणाला, "तुझ्या जिभेपुढे डॉक्टर कोण? तूच निवड कुठली घालायची."

मी तिन्ही चाखल्या. कारखान्यात चाखायचो तशा, आधी पाण्याने चूळ भरून. हिरवी बरणी कुठल्याशा पानाची पावडर. चिमूटभर घ्यावी तर आधी गोड, मग कडू, मग पुन्हा गोड. निरोप घेतलेला पाहुणा दारातून तीनदा परत यावा तशी. निळी दिसायला हुबेहूब साखर, दाणा तसाच, पण जिभेवर गार, कुणी तोंडात खिडकी उघडल्यासारखी. आणि गोडी अर्धीच. तांबडीत इवल्या गोळ्या आहेत. एका गोळीत कपभर चहा गोड होतो, पण नंतर दिवसभर पत्र्याचा चमचा चाटल्यासारखं वाटतं.

साखर तशी नसते. साखर येते, बसते आणि उठून जाते. तिला कळतं कधी उठायचं.

मंगळवार, १० सप्टेंबर

सकाळची गोष्ट सांगते, हसू नकोस. सूनबाई गेल्यावर रंगारी आणि मी, स्वयंपाकघरातल्या छोट्या टेबलाशी दोन-दोन कप चहा घेतो. त्याचे वडील गेले तेव्हापासूनची ही रीत आहे, अठरा वर्षं झाली. तो काल काय रंगवलं ते सांगतो, कुणाला 'मिठाई'ची वेलांटी उलटी हवी होती, कुणी पैसे वाचवायला आडनावच गाळलं. मी त्याला कारखान्यातले किस्से सांगते. तेच ते. तो नव्याने ऐकल्यासारखं करतो.

आज हिरवीचा चहा दिला. त्याने एक घोट घेतला, कप ठेवला. काल निळीचा, परवा तांबडीचा. तिन्ही दिवस कप अर्धा. उभ्याउभ्याच म्हणाला, "आई, मी चहाच सोडतो. बाहेर काळी कॉफी घेईन." आणि शिडी खांद्यावर टाकून गेला.

दुसरा कप मी ओतून ठेवला होता. तो मीच प्यायले. पिववेना, पण प्यायले.

मंगळवार, १७ सप्टेंबर

आज शिंपीणबाईंची तब्येत ठीक आहे असं लिही. लिही ना, तुझीच गोष्ट आहे. औषधवाल्याने रंगाऱ्यासाठी चघळायच्या बिनसाखरेच्या गोळ्यांचं पाकीट दिलं होतं. ही बाई शुक्रवारी ते दुकानात घेऊन गेली आणि काजं करता करता अख्खं पाकीट फस्त केलं. बिनसाखरेचं आहे म्हणजे कितीही चालतं. शनिवारी पोट बिघडून दुकान बारापर्यंत बंद, आणि गिऱ्हाइकाची पँट एका पायाची. 'अति तिथे माती' म्हणतात ते मी लहानपणापासून ऐकलंय, पण इतकं धावतपळत ऐकलं नव्हतं.

रंगारी आता सकाळी बसत नाही. तयार होतो, उकडलेली अंडी तोंडात कोंबतो, जातो. हडकला आहे. मी विचारलं, काल काय रंगवलंस? म्हणाला, "पाटी."

शुक्रवार, २० सप्टेंबर

दार लावून घे.

आज सकाळी त्याला म्हटलं, औषधवाल्याने नवी पावडर दिली आहे, कुठल्याशा फळाची, बघ तर खरी. चौथी बरणी काढली, पिठाच्या डब्यामागची. तीन चमचे घातले.

एक घोट घेतला आणि शिडी खाली ठेवली. खुर्ची ओढली. "आई, ही कुठे होती इतके दिवस?" म्हणाला. दुसरा कप मागितला. एका सलूनवाल्याने पाटीवर स्वतःचा चेहरा काढायला सांगितला आणि वर टकलावर केस काढायला लावले, ते सांगून इतका हसला की चहा नाकात गेला. मला किती दिवसांनी हसू आलं.

जाताना मी सांगितलं, सूनबाईला बोलू नकोस, पावडर महाग आहे, ओरडेल. म्हणाला, "शपथ."

चौथ्या बरणीत साखर आहे. तुला सांगितलं, कारण तू चहा पितेस तो त्याच बरणीतला. तू काय म्हणालीस तेही लिही. "आईच्या हातचे चार चमचे, एवढ्याने काय होतंय, मावशी." मलाही तसंच वाटतं. चाळीस वर्षं मी साखरेच्या वाफेत उभी राहिले, मला काय झालं?

माप लिहून ठेव. कारखान्यात प्रत्येक कढईचं माप कारकुनाला ओरडून सांगायचं आणि त्याने लिहायचं, तशी सवय आहे. माप लिहिल्याशिवाय मला काम झाल्यासारखं वाटत नाही. सकाळी सहा चमचे. संध्याकाळी अंड्याचं कस्टर्ड केलं, त्यात चार.

मंगळवार, १ ऑक्टोबर

रोजचं माप तेच, सहा आणि चार. रविवारी बदामाच्या पिठाचा केक केला, त्यात निम्मी वाटी.

डॉक्टरीणबाईंकडे गेले होते दोघं. आकडा खाली यायचा तो वर गेलाय. गोळी वाढवली. सूनबाई म्हणाली, "मी रोज तोलून देते, तरी कसं?" मी म्हटलं, या गोळ्यांचंच काही खरं नसेल. आमच्या कारखान्यातल्या गोळ्यांनी निदान तोंड तरी गोड व्हायचं.

रंगाऱ्याचा चेहरा मात्र भरलाय.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

शनिवारी रात्री दोघांचं वाजलं. भिंत पातळ आहे, आणि माझे कान अजून शाबूत आहेत, त्याला मी काय करू?

"बाहेर खातोस तू," सूनबाई म्हणाली. "बेकरीची पाटी रंगवलीस त्या आठवड्यातच आकडा चढला."

"पावाचा कण खाल्ला नाही. शपथेवर सांगतो."

"मग आकडा खोटं बोलतो का?"

"मला काय माहीत? मी खोटं बोलत नाही एवढं माहीत आहे."

मग दिव्याचं बटण वाजलं. सकाळी सूनबाईचे डोळे सुजलेले होते आणि ती माझ्याशी नेहमीपेक्षा गोडीने बोलली. मला जरा टोचलं. दोन दिवस तीनचा दीड चमचा केला. काल त्याने कप खाली ठेवून विचारलं, "आई, हात आखडलास का?" आणि घड्याळाकडे बघितलं.

आजपासून पुन्हा तीन. लिहून ठेव.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

आज थोडक्यात वाचले. रंगाऱ्याने स्वतःच पिठाचा डबा सरकवला आणि बरणी काढली. "हिलाच पाटी नाही," म्हणाला. "सगळ्यात गुणाची आणि बिननावाची. थांब, पिवळ्याने रंगवतो. काय म्हणतात या फळाला?"

मी म्हटलं, मला कुठे वाचता येतं, पाकीट फेकलं. त्याने बोट बुडवून चाटलं. म्हणाला, "हुबेहूब साखर." माझ्याकडे बघितलं आणि हसला. "तुझ्या जिभेला तोड नाही, आई. काय शोधून काढलंस."

मग म्हणाला, "नाव कळलं की रंगवू. आणि या थंडीत तुला अक्षरं शिकवतोच. बरण्यांपासून सुरुवात करू."

मी म्हटलं, या वयात? म्हणाला, "कढई उतरली ना आता?"

माप तेच.

मंगळवार, २९ ऑक्टोबर

दुसऱ्यांदा गोळी वाढली. आता सकाळी दोन, संध्याकाळी एक. डॉक्टरीणबाईंनी सूनबाईला बजावलंय, ही जोरदार आहे, उपाशी राहू द्यायचं नाही. तो कुठला उपाशी राहतोय, मी आहे ना.

त्याला मोठं काम मिळालंय. परगावी नवा बाजार बांधलाय, शंभर गाळे, शंभर पाट्या. तीन आठवडे राहायचं. रविवारी निघाला. निघताना स्वयंपाकघरात आला आणि हळूच म्हणाला, "आई, ती फळाची पावडर दे बांधून. तिथे चहा करून घेईन."

सूनबाई बाहेर बॅग भरत होती. बरणी तिच्या हातात गेली असती तर एका चिमटीत तिला कळलं असतं. मी म्हटलं, संपली रे. काल कस्टर्डात घातली ती शेवटची.

"असू दे," म्हणाला, आणि निळी बरणी घेऊन गेला.

पिठाच्या डब्यामागे बरणी गळ्यापर्यंत भरलेली होती. खोटं बोलणं एकदा जमलं की ते किती सहज येतं, याचंच मला वाईट वाटलं. बाकी काही वाटलं नाही.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

माप नाही. घरात चहा फक्त माझा.

रंगाऱ्याचा फोन आला होता. चाळीस पाट्या झाल्या म्हणाला. सकाळी अकराच्या सुमाराला हात थरथरतात, रेघ हलते, घाम सुटतो. दोन दिवसांपूर्वी 'कापड'चा का उभ्याचा आडवा झाला, पुसून पुन्हा काढला. मी म्हटलं, ऊन लागत असेल, टोपी घाल. पाणी पी. म्हणाला, "इथे ढग आहेत, आई." मी म्हटलं, मग वारा लागत असेल.

पथ्य मात्र काटेकोर पाळतोय, म्हणाला. मला वाटलं, चला, बरं झालं.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

तो शिडीवरून पडला. काल, अकरा वाजता. उजवं मनगट आणि डावा पाय मोडलाय. शुद्धीवर आणायला वेळ लागला. डोक्याला लागलंय की नाही ते बघतायत. सूनबाई रात्रीच्या गाडीने त्याला इकडच्या हॉस्पिटलात घेऊन येते आहे.

एवढंच लिही.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

डोकं ठीक आहे. आपल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की शिडीवर चक्कर आली, कारण रक्तातली साखर पार तळाला गेली होती. तळाला. मी दोनदा विचारलं, वर ना? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नाही आजी, खाली. आणखी थोडी गेली असती तर पडण्याची वाटही बघावी लागली नसती."

त्यांना कोडं पडलंय. घरी तोलून खाऊन आकडा वर होता. म्हणून गोळी वाढवत नेली. तिथे तेवढंच खाऊन आकडा तळाला कसा गेला? पलंगाशी उभ्या राहून त्यांनी त्याला विचारलं, "घरी वेगळं काही खात होतात का? आठवून सांगा. काहीही."

त्याने माझ्याकडे बघितलं. सूनबाई त्याच्या उशाशी होती.

"नाही," म्हणाला. "मीच गोळी दोनदा घेतली असेन. कामाच्या घाईत."

सूनबाई म्हणाली, "एवढं साधं लक्षात राहत नाही तुझ्या? शंभर दुकानांची नावं लक्षात राहतात."

"चुकलं माझं," म्हणाला.

आईने आणलेली महागाची पावडर बायकोला सांगायची नाही, ही शपथ त्याने तिथेही मोडली नाही. मी समोर बसले होते. पर्समधला रुमाल काढला, परत ठेवला. बोलले नाही. घरी आले. तू खाली मशीन चालवत होतीस, न थांबता जिना चढले.

शनिवार, १६ नोव्हेंबर

आज तुझा दिवस नव्हे, तरी बोलावलं. ही वही मला पहिल्यापासून वाचून दाखव, असं सांगितलं. तू वाचलीस. 'वीस सप्टेंबर'पाशी तू चष्मा काढलास, तो पुसायला नव्हे.

ऐकताना मला कळलं. कोडं कसलं, सरळ हिशोब आहे, कुठल्याही कढईवरच्या बाईला कळेल असा. मी वरून साखर ओतत होते, डॉक्टरीणबाई ती पातळ करायला आणखी आणखी पाणी ओतत होत्या. मग एक दिवस साखर ओतणारी बाई नव्हती आणि पाणी मात्र तेवढंच पडत राहिलं. निघताना त्याने बरणी मागितली होती. ती दिली असती तरी तो पडला नसता. खरं सांगितलं असतं तरी पडला नसता. मी दोन्ही केलं नाही.

तू म्हणालीस, "मावशी, मीच म्हटलं होतं, एवढ्याने काय होतंय." ते तुझ्याकडे ठेव. माझ्या वाटणीचं मला पुरेसं आहे.

तू असंही म्हणालीस, तो घरी आला की गपचूप साखर बंद करू, कुणाला कळणार? मीही रात्रभर तेच घोळवत होते. पण डॉक्टरीणबाईंना अजून वाटतंय की घरचं खाऊन त्याचा आकडा चढतो. परत घरी आला की त्या पुन्हा गोळी सुरू करणार, आणि या खेपेला वरून ओतणारी कुणी नसणार. आणि तो जन्मभर समजत राहणार की आपलं डोकं ठिकाणावर नाही, गोळी घेतलेली आठवत नाही. सूनबाई त्याच्या हातून गोळ्यांची डबी काढून घेईल, उद्या शिडी काढून घेईल.

वही पिशवीत घाल. चप्पल घाल. मला वाचता येत नाही, तेव्हा तुलाही यावं लागेल.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

शनिवारी काय झालं ते क्रमाने लिही, वगळू नकोस.

डॉक्टरीणबाई पलंगाशीच होत्या. मी म्हटलं, याने गोळी दोनदा घेतली नाही. घरात साखर होती, मी घालत होते. वहीत तारीखवार माप आहे. त्यांनी वही घेतली आणि उभ्याउभ्या वाचली. मधे एकदा विचारलं, "चमचा केवढा?" मी पर्समधून चमचा काढून दिला, बरोबर नेला होता. त्यांनी हातात फिरवून बघितला. मग खुर्ची घेऊन बसल्या आणि एका कागदावर काहीतरी मांडलं.

"आजी," त्या म्हणाल्या, "रागवायचंय मला, पण आधी हे सांगते. हे माप नसतं तर मी याला घरी पाठवताना चुकले असते. याला कदाचित पहिलीच गोळी पुरेल, तीही अर्धी."

सूनबाई माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं बोलेल. ती नवऱ्याकडे वळली. "बेकरीवरून मी तुला काय काय बोलले," म्हणाली, आणि त्याच्या प्लास्टरच्या हातावर कपाळ टेकलं. मला ओरडली असती तर सोपं गेलं असतं.

रंगाऱ्याने विचारलं, "फळ नव्हतंच?"

"नव्हतं."

"मी चाटून बघितली होती, आई." मग म्हणाला, "मला कळायला हवं होतं. कदाचित कळलंही असेल. पण तू खोटं सांगशील असं कसं समजू?"

मी म्हटलं, तू चहाला बसत नव्हतास.

तो म्हणाला, "मग तसं म्हणायचं होतंस. बस म्हणायचं. पाण्याचा कप घेऊन बसलो असतो."

मग भिंतीकडे तोंड केलं. आम्ही निघालो. जिन्यात तू माझा दंड धरला होतास की मी तुझा, ते मला आठवत नाही.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

त्याला सोडलं. मोडक्या पायाने तीन मजले चढता येत नाहीत, म्हणून माझ्या मुलीकडे नेलंय, तिचं घर तळमजल्यावर आहे. अर्धी गोळी चालू आहे, आकडे सरळ येतायत. सूनबाई कामावरून परस्पर तिकडे जाते, रात्री इथे येते. माझ्याशी बोलते. काट्यावर तोलून बोलते, पण बोलते. डबा इथून जातो. करते मी, पण ती समोर बसते आणि झाकण स्वतः लावते. मी काही म्हणत नाही. दुधाने तोंड पोळलंय तिचं.

दुपारी वेळ असतो. मी बरण्या काढून बसते. पहिल्या दिवशी करायचं ते काम आता करते आहे. निळी दोन चमचे आणि त्यात हिरवी फक्त सुईच्या टोकावर राहील एवढी. निळीची गोडी अपुरी, ती हिरवी भरून काढते. हिरवी कडवट, ते निळीच्या गारव्यात बुडतं. तरी शेपूट राहत होतं. मग मिठाचा एक खडा टाकला, कारखान्यात लिंबाच्या गोळीला टाकायचो तसा. आठव्या दिवशी जमलं. तुला दिला होता ना परवा चहा? तू नेहमीसारखा प्यालीस आणि बशी पुसून घेतलीस. साखर नव्हती त्यात.

आठ दिवस. तो म्हणाला होता, तूच निवड, तुझ्या जिभेपुढे डॉक्टर कोण. मी तीन दिवस तीन बरण्या चाखल्या, नाक मुरडलं आणि चौथी काढली. चाळीस वर्षं पाक जमला नाही तर मी अख्खी कढई पुन्हा चढवायची. मुलासाठी मात्र आठ दिवस धीर निघाला नाही.

हे त्याला कळवायचं की नाही, ठरत नाही. कळवलं तर तो म्हणेल, आणखी एक नवी पावडर.

शुक्रवार, ६ डिसेंबर

आज सूनबाई रिकामा डबा घेऊन आली. डब्यात घडी केलेला कागद होता, त्यात पुठ्ठ्याचा तुकडा, बोटभर लांब. पिवळ्या रंगात काहीतरी रंगवलेलं. रेघा वाकड्या, एक अक्षर मोठं, एक खाली घसरलेलं. त्याच्या हातचं इतकं वाईट मी कधी बघितलं नाही. सूनबाई म्हणाली, "डाव्या हाताने केलंय. दोन दिवस लागले. म्हणाला, आईच्या त्या बरणीला लावायला सांग."

मी विचारलं, काय लिहिलंय?

ती म्हणाली, "तुम्हालाच वाचायला सांगितलंय." आणि पाय धुवायला गेली.

मी तुझी वाट बघत बसले, आणि तू आलीस तर चष्मा खाली विसरून. म्हणून तू येईपर्यंत आणि चष्मा आणेपर्यंत मी ते बघतच होते. तीन अक्षरं. दुसरा कोणता शब्द असणार? मी बोट ठेवलं आणि एकेक म्हटलं. तू वर आलीस आणि हो म्हणालीस. साखर.

चौऱ्याहत्तराव्या वर्षी वाचलेला पहिला शब्द. लिहून ठेव, पण त्यात मोठेपणा नाही. वीस सप्टेंबरला हे वाचता आलं असतं किंवा लावता आलं असतं, तर आज तो उजव्या हाताने लिहीत असता.

पाटी बरणीला लावली. बरणी पुढे ठेवली, पिठाच्या डब्यामागे नाही. तुझा चहा त्यातूनच होईल, घाबरू नकोस.

आता उद्याच्या डब्याचं. मी करते, पण उद्या सूनबाईला नेहमीपेक्षाही लवकर निघायचंय, तेव्हा भरायचं तू. दोन अंडी उकडून, सोलून. चीजचा तुकडा, काट्यावर ठेवून. काकडी चिरून, मीठ वेगळ्या कागदात. कस्टर्ड नको. थर्मासात चहा, बिनगोड, दोघांपुरता. निळी पावडर एका पुडीत, हिरवी दुसऱ्या पुडीत, पुड्या उघड्या वर ठेव. मिसळायचं कसं ते मी सांगेन, पण घालेल तो. डबा घेऊन मीच जाते. बस म्हणाला तर दुसरा कप माझा, नाही म्हणाला तर दोन्ही त्याचे. आणि शिंपीण, पुड्या वेगळ्या ठेवायला विसरू नकोस.